हिरवी खूण

अंध माणसांना मजकूर वाचून दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम आम्ही चार-पाच जण फावल्या वेळात सांभाळतो. मागच्या महिन्यात माझ्या एका चुकीने तो सगळ्यांकडेच मुका झाला. शाळेत शिकवणाऱ्या कुमुदताईंचा फोन आला, "दादा, आवाजच येत नाही हो." त्या स्वतः अंध. दुरुस्तीला चार दिवस लागले.

मग मी एक छोटी चाचणी लिहिली. कुणीही काही बदललं, की संगणक आपणहून प्रोग्रॅम उघडतो, एक वाक्य वाचायला लावतो आणि आवाज निघाला तरच तो बदल स्वीकारतो. आज पहिल्यांदा पडद्यावर चाचणी पार पडल्याची हिरवी खूण उमटली. कितीतरी वेळ मी तिच्याकडे बघत राहिलो आणि मग उत्साहाने ताईंना फोन लावला.

"छान केलंत," त्या म्हणाल्या. "पण मी आता भाचीकडून वाचून घेते. भर वर्गात धडा वाचताना तुमचा प्रोग्रॅम गप्प झाला, मुलं हसली. पुन्हा तो लावायचा धीरच होत नाही बघा."

प्रोग्रॅम बोलतो का, हे आता प्रत्येक बदलाच्या वेळी तपासलं जाईल. त्या वर्गात ताई किती वेळ तशाच उभ्या राहिल्या होत्या, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. "बरं, ताई," म्हणून मी फोन ठेवला.