काण्या भावाचा पिक्चर

काल टीव्हीवर तलवारवाल्या बागीचा जुना पिक्चर लागला, हिंदीत. लग्नाच्या वर्षी हाच मी नागपूरला, सीताबर्डीच्या टॉकीजात, बायकोसोबत इंग्रजीत पाहिला होता. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण इंग्रजी समजतं असं तिला सांगून बसलो होतो. मग अंधारात, भाजक्या शेंगदाण्यांच्या वासात, मी अर्थ सांगत गेलो. मागून एक जण म्हणाला, "जोरानं सांग ना गा, आमाले इंग्रजी येत नाही."

बागीसोबत जंगलात एक काणा होता. त्याला मी बागीचा थोरला भाऊ केला. पुढं त्या काण्यानंच बागीला शिपायांच्या हाती दिलं.

"अवो, सख्ख्या भावानं काहून धरून देलं?" बायकोनं विचारलं.

"वाटणीचं भांडण," मी म्हणालो. मागचे लोक हळहळले.

तेव्हा दोन हातमागांच्या वाटणीवरून माझंही थोरल्याशी बोलणं बंद होतं. बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "तुमचे दादा तसे नाहीत. उद्या जाऊन या." दुसऱ्या दिवशी दादाकडं गेलो, चहा पिऊनच उठलो.

काल नातू म्हणाला, "आबा, तो काणा भाऊ नाही, खबऱ्या आहे."

म्हटलं, "हिंदीवाल्याले इंग्रजी येत नाही गा. तो भाऊच होता."