खंडेनवमीला बंद झालेला कॉम्प्युटर

वहिनींच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स मी घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यावर वहिनी आमच्या कळंब्याच्या घरातून ऑनलाइन गणित शिकवतात. आमच्या इंटरनेटवाल्याचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे वेबसाइटचं नाव सांगितलं की तिचा पत्ता देणारा, सारखा गप्प बसायचा. मी एका फाइलीत दुसऱ्या सर्व्हरचा नंबर लिहिला. नेट पळायला लागलं, माझी कॉलर ताठ!

पण कॉम्प्युटर बंद करून चालू केला की नंबर गायब. कारण शोधलं असतं तर माझं अज्ञान उघडं पडलं असतं. म्हणून तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं, "वहिनी, लिनक्स कधी बंद करत नसतात."

इन्व्हर्टरच्या जिवावर तीन महिने ते बिचारं जागं राहिलं.

खंडेनवमीला आईनं विळी, कात्री, दादाचे नट पिळायचे पाने पाटावर मांडले. कॉम्प्युटर बंद करून त्यालाही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. "आजच्या दिवशी यंत्राला विसावा नको व्हय?"

नेमका पाचला वहिनींचा नमुना तास होता, परदेशातल्या पालकांसमोर. आवडला तर वर्षभराची शिकवणी मिळणार होती. मोबाइलची रेंज त्या खोलीत नावालाच.

साडेचारला आईची समजूत घालून माळ काढली, कॉम्प्युटर चालू केला. नेट नाही. मी नंबर लिहिला, नेट आलं. तेवढ्यावर थांबेन तर मी कसला! "आता कायमचं झालं, बघा," म्हणत पुन्हा बंद-चालू केला. गेलं. पुन्हा तीच फाइल उघडली.

"भावजी, दर वेळी फाइलीतली ती वरची ओळ का खोडताय?"

"कचरा असतो वहिनी. इंग्रजीतला."

"वाचू दे की!" त्यांनी वाचली. ही फाइल नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम स्वतः तयार करतो, असं त्यात सरळ लिहिलं होतं. "म्हणजे मूळ वही दुसरीकडं हाय, आणि तुम्ही तीन महिने नकलेवर दुरुस्त्या करताय!"

त्यांनी नेटवर्कची सेटिंग उघडली, आमच्या कनेक्शनच्या डीएनएसच्या चौकटीत नंबर भरला आणि शेजारचं 'आपोआप'चं बटण बंद केलं.

"आता बंद करून दाखवा."

"पाचला पाच कमी हायत!"

"करा."

केला. चालू झाला, नेटसकट.

तास रंगला. शेवटी एका पालकानं विचारलं, तांत्रिक बाजू कोण बघतं?

"मीच बघते," वहिनी म्हणाल्या.

दाराआड उभा राहून मी मान डोलावली. शिकवणी पक्की झाली.