अप्पांचा पुदिना

‘अप्पा गेले... येडशीच्या स्टॉपवर बसची वाट बघताना छातीत कळ आली,’ असा त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आता सकाळी टाकीवर वास कोण विचारणार! दीड महिना झाला, तरी त्या विचाराची लाज वाटत नाही. अप्पांना तो आवडला असता.

मल्लिनाथअप्पा धाराशिवच्या आमच्या छोट्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं रसायनाच्या टाकीवर होते. विमानाच्या खुर्च्यांखाली बसणारे ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट गंजू नयेत म्हणून ते क्रोमेटच्या टाकीत बुडवत, सोनपिवळा रंग चढला की नेमके बाहेर काढत. घड्याळाकडे कधी बघायचे नाहीत. मी ते तपासायची, कागद करायची. मग माल पुणे, बेंगळुरू असा करत युरोपात जायचा. आमच्या हातचं विमानात उडतंय, याचं आम्हाला कोण कौतुक!

एक दिवस पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं. पिवळ्या टाकीतलं रसायन कामगारांना घातक, युरोपात त्यावर बंधनं आलीत, यापुढं माल नव्या रसायनातलाच हवा. नमुने चाचणीत पास झाले तर ठीक, नाहीतर काम दुसरीकडं. म्हणजे आम्हा अकरा जणांनी घरी बसायचं. अप्पा उसळलेच. ‘‘आमच्या टाकीनं त्या गोऱ्यांचं काय घोडं मारलंय?’’

मी सोबतचा कागद मोठ्यानं वाचू लागले. फुप्फुसं, कातडी, नाकाचा पडदा... पडद्याला भोक पडतं, वास जातो. अप्पांनी हळूच नाकाला हात लावला. ‘‘म्हंजी हे सर्दीनं न्हाय झालं व्हय, पोरी?’’

रोज चहा हातात घेऊन ते विचारायचे, ‘‘आलं टाकलंय का?’’ आणि आम्ही वर्षानुवर्षं हसायचो. त्या दिवशी मला स्वतःचाच भयंकर राग आला.

नवी टाकी आली आणि अप्पांची पहिली खेप चाचणीत नापास! कारण नव्या रसायनाला रंगच नव्हता. नवख्या माणसानं घड्याळ बघून माल काढला असता. अप्पा पिवळेपणाची वाट बघत राहिले, थर जास्त चढून भुकटीसारखा सुटला. पुण्याहून निरोप आला, आता एकच संधी. मी तडकले, ‘‘अप्पा, येणारच नाही तो रंग! कुणाची वाट बघताय?’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचं गजराचं घड्याळ आणलं. माल बुडवला आणि चक्क टाकीकडं पाठ करून उभे राहिले. ‘‘डोळं ऐकत न्हाईत माजं,’’ म्हणाले.

नमुने पुण्याला मिठाच्या फवाऱ्यात सात दिवस राहिले. ते सात दिवस... कुणाला जेवण गेलं नाही! आठव्या दिवशी अहवाल आला. पास! मी अशी ओरडले की यंत्रं बंद करून सगळे धावत आले. अप्पांच्या हाताखालची सुनीता, दोन लेकरांची आई, उड्या मारत होती. अप्पा नुसते ‘‘लई झ्याक, लई झ्याक’’ म्हणत डोळे पुसत होते.

जुनी टाकी गाडीत घालून नेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी येडशीहून पुदिन्याचं रोप आणलं. टाकीच्या खोलीच्या दारात ठेवलं. रोज कामाआधी पान चुरगळून सुनीताच्या नाकाशी धरायचे. ‘‘आला वास?’’

‘‘आला, अप्पा.’’

‘‘मग चढीव हातमोजे.’’

नवं रसायन बरं आहे हे त्यांना कागदावरून पटलेलं नव्हतं. ते सुनीताच्या नाकावरून रोज खात्री करून घेत.

परवा पुण्याहून तपासणीला साहेब आले. कुंडीपाशी थबकून म्हणाले, ‘‘हे कुठल्या नियमात बसतं?’’ मी घाईनं फाईल चाळू लागले. सुनीतानं मात्र शांतपणे एक पान तोडलं, चुरगळलं आणि थेट साहेबांच्या नाकासमोर धरलं.

‘‘आला वास, साहेब?’’

साहेब गोंधळले, मग हसले. ‘‘आला की.’’

‘‘मग चढवा हातमोजे.’’