सीतादहीचं मागणं

अकोल्याच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला, तो अमेरिकेत आपसातली लढाई पेटून तिकडचा कापूस अडला म्हणून. मुंबईहून आलेला दलाल ओसरीवर सगळ्यांबरोबर जेवता जेवता सांगत होता. तो देश पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला. आपल्याकडं उजाडतं तेव्हा तिकडं रात्र पडते. मी दाराआडून विचारलं, तिकडं कापूस कोण वेचतं?

"बाया, माणसं, पोरं. पण विकत घेतलेली. आपण बैलाचे दात बघतो, तसे दात बघून घेतात. त्यांना सोडावं की नाही, यावरूनच ही लढाई. ती संपेपर्यंत त्यांचं काही खरं नाही."

"मंग त लय दिस चालन!" ओसरी खूश झाली. एकालाही घास अडकला नाही.

आठवड्यानं पहिली वेचणी आली. त्या दिवशी आमच्याकडं सीतादही करतात. बोंडं फुटलेल्या झाडाला घरच्या सुनेनं दहीभात वाहायचा आणि मागणं मागायचं. एरवी मी बरकत मागत असे. यंदा सासूबाईंनी मागणं ठरवून दिलं होतं: तिकडची लढाई थांबू नये.

"मंग ते मानसं कवा सुटतीन?" मी विचारलं.

"तुले काहून पंचाईत? सांगतलं तेवढं माग."

मी झाडापुढं बसले. नुसते ओठ हलवले. मागं वेचणीच्या बाया कापूस भरायला कमरेला ओट्या बांधून खोळंबल्या होत्या.

"मोठ्यानं माग," सासूबाई म्हणाल्या. "आइकू गेलं पायजे."

मी मोठ्यानं मागितलं.