नारळ आणि उरलेला सुरुंग

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते मेडशीच्या मामीचे. आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती. मामीने मला आपल्या घरी ठेवून घेतले, आणि पुढे मी वाशीमला हायस्कुलात गेलो तेव्हा मोटारवाल्याच्या हाती दर आठवड्याला भाकरी आणि ठेच्याची पुरचुंडी पाठवली. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी झालो तो त्या भाकरींवर.

नोकरी लागली ती जमिनीखालचे खडक शोधणाऱ्या तुकडीत. एका टोकाला लहानसा सुरुंग उडवायचा. त्याचा हादरा मुरमातून सावकाश जातो, काळ्या पाषाणातून वेगाने. एका ओळीत रोवलेली जिओफोन नावाची लहान यंत्रे तो टिपतात आणि फोटोच्या कागदावर प्रत्येकाची एक रेघ उमटते. कोणती रेघ केव्हा थरथरली, यावरून पाषाण किती खोल आहे ते कळते.

पन्नासच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात तलावाच्या बांधासाठी आम्ही मेडशीजवळ आलो. मामांची विहीर पाषाणाला टेकून कोरडी पडली होती. दुसरी एकच खोदण्याइतके बळ त्यांच्यात उरले होते. तीही फुकट गेली तर बैल विकून, घराला कुलूप लावून दोघे अकोल्याला कापसाच्या जिनात मजुरीला जाणार होती. शेताच्या खालच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, मुरूम खोल असावा, असे मामांना वाटे. मुरूम खोल असला तर पाणी धरतो. आमचे काम संपल्यावर एक सुरुंग उरला होता. तुकडीच्या साहेबांनी तो मामांच्या शेतासाठी मला दिला.

मामा म्हणाले, “काहून रे, बीएस्सी झाला अन् अजून जमिनीले कान लावूनच पाहून राह्यला?”

यंत्रांची ओळ धुऱ्यापर्यंत रोवून मी सगळ्यांना बजावले, की कोणी पाऊल हलवायचे नाही. माणूस चालला तरी यंत्राला कळते. मामी धुऱ्यावर, शेवटच्या यंत्रांजवळ जाऊन बसली. साहेबांनी हात खाली केला. कागद फिरू लागला. सुरुंगाच्या आधी तिकडे दगडावर नारळ फुटल्याचा आवाज आला.

कागद धुऊन पाहिला. जवळच्या रेघा स्वच्छ होत्या. धुऱ्याकडच्या रेघा सुरुंगाचा हादरा पोहोचण्यापूर्वीच वेड्यावाकड्या झाल्या होत्या. धुऱ्याखाली काय आहे ते त्याच सांगणार होत्या.

मामी खोबऱ्याचा तुकडा घेऊन आली. “मुहूर्त साधला बाप्पा! तू हालू नोको म्हनला, मी हालली का? बसल्या जागीच फोडला.”

तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी खोबरे तोंडात टाकले. मामांना बाजूला घेऊन सांगितले, की हा कागद वाचता येत नाही.

“तुले वाचता येत नसन तं राहू दे. नारयानं जागा दाखवली. इहीर तिथंच.”

“मामा, तिथं पाषाण असला तर?”

“असन तं असन. मी आता थांबू कायच्या भरोशावर?”

दुसऱ्या दिवशी तुकडी मानोऱ्याकडे निघाली. दुसऱ्या सुरुंगासाठी मी साहेबांच्या मागे लागलो, पण सुरुंगाची दारू सरकारी होती. तिथून मामीला पत्र लिहायला बसलो; तिला वाचता येत नव्हते. पत्र शाळेचे मास्तर ओट्यावर, चारचौघांत वाचून दाखवत. त्यामुळे तिच्या हातून काय झाले ते मी त्यात घातले नाही. पत्र असे गेले :

तीर्थरूप मामीस शिरसाष्टांग नमस्कार.

धुऱ्याखाली मुरूम आहे की पाषाण, ते मला कळलेले नाही. माणसांना नीट समजावणे माझे काम होते, त्यात मी कमी पडलो. ती जागा मी सांगितलेली नाही. मामा माझ्या विद्येवर विसंबून तिथे खोदत असतील तर त्यांचा हात धर. साहेब म्हणतात, पुढच्या हंगामात बघू. तोवर तुम्ही कसे काढाल ते मला सुचत नाही. बैल विकू नका. प्यायला पाणी कुठून आणता ते कळव. खोदणे थांबले असेल तर मास्तरांकडून दोन ओळी लिहवून पाठव. थांबले नसेल तरी पाठव.