पाण्यात न भिजणारी वही

माझं गाव अवसरी बुद्रुक, पण नव्वदच्या दशकात आळेफाट्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला होतो. खोली भाड्याची, माणूस एकटा. रविवारी सायकल काढून येडगावच्या धरणावर पक्षी बघायला जायचो. तिथं मासेमारी करणारे एक भाऊ मला त्यांच्या होडीतून फिरवायचे. शाळेत ते दुसरीपर्यंतच गेलेले, पण कुठला पक्षी कधी येतो, कुठं अंडी घालतो, त्याला आसपासचे कोळी काय म्हणतात, हे सगळं त्यांना ठाऊक. ते वल्ही मारत सांगायचे, मी दोनशे पानी वहीत शाईच्या पेनानं लिहायचो. अशी दोन वर्षं गेली.

एकदा पुण्याहून पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. जाताना त्यांनी मला एक छोटी वही दिली. कागद हाताला मेणकापडासारखा लागत होता. त्यांनी पान धरणाच्या पाण्यात बुडवलं आणि ओल्यावरच पेन्सिलीनं लिहून दाखवलं. भाऊ म्हणाले, "मास्तर, ही वही लई कामाची. उद्यापास्नं हिच्यातच लिवा."

मी मात्र ती पेटीत ठेवली. इतक्या चांगल्या वहीत खाडाखोड कशी करायची? आधी कच्चं लिहायचं, मग नीट जुळवून पक्कं, ही आमची मास्तरांची खोड.

मे महिन्यात पाणी उतरलं, मधे उंचवटे उघडे पडले. त्यांतल्या एकावर सुरय पक्ष्यांची अंडी होती. भाऊ म्हणाले, "बसूनच बघा, उभं राहू नका." मी उभा राहिलो. होडी कलली, आत पाणी आलं. मी कसाबसा सावरलो, पण मांडीवरची वही तळाच्या पाण्यात पडली. उचलेपर्यंत शाई सगळीकडं पसरली होती.

"होडी धरता येत नाही का तुम्हाला?" मी ओरडलो.

भाऊ डब्यानं पाणी उपसत राहिले. जरा वेळानं म्हणाले, "चुकलं मास्तर. पर काळजी करू नका. मला समदं पाठ हाय. पुन्ना सांगतो की."

"राहू द्या आता," मी म्हणालो आणि काठावर उतरून त्यांच्याकडं न बघता निघालो.

राग आठवड्यात गेला. पण जायची लाज वाटू लागली. आज जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं करता करता शाळा सुरू झाली. मग माझी बदली मंचरकडं झाली, लग्न झालं. चार-पाच वर्षांनी एका सुट्टीत ती कोरी वही काढली आणि आठवेल तसं लिहायला बसलो. दीड पान झालं आणि पुढं काही सुचेना. तेव्हा मनाचा हिय्या करून येडगावला गेलो.

भाऊ आदल्या हिवाळ्यातच वारले होते. घरी त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला ओळखलं. ओट्यावर बसवून पाणी दिलं.

"तुमी येनार म्हनून पावसाळा लागंस्तवर दर रविवारी होडी बांधून बसायचे," त्या म्हणाल्या. "मास्तरांची दोन वर्षांची मेहनत माझ्या हातनं बुडाली, असं म्हनायचे. लई लागलं व्हतं त्यांना."

मी म्हणालो, "वहिनी, त्यांची काही चूक नव्हती. बसा म्हणाले होते, मीच उभा राहिलो."

त्यांनी माझ्यापुढचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाल्या, "हे त्यांना सांगायचं व्हतं, मास्तर."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. मी ओट्यावर मान खाली घालून बसून राहिलो.