आमच्या भाऊजींची कपॅसिटरांची पाटी

सेलूत कोणाचंही मशीन बंद पडो, ते जिवंत करणारा माणूस एकच, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे, हे मी आमच्या वर्ध्यातल्या ऑटोवाल्यांनाही सांगत असतो. सेलूच्या बाजारात भाऊजींचं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही न्या, इन्व्हर्टर न्या. झाकण उघडलं की त्यांचं बोट आधी जातं बोर्डावरच्या छोट्या डबीसारख्या कपॅसिटरच्या डोक्यावर, तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसं. "याच्या आत ओला कागद राह्यते. गरमीनं ओल उडाली का डोकं फुगते, मंग सारा कारभार बसते," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवतात. इथवर ठीक. पण दोष कोणाचा, हे चारचौघांत जाहीर केल्याशिवाय ते वस्तू परत देत नाहीत! मेलेला कपॅसिटर भिंतीवरच्या पाटीला चिकटवतात आणि खाली कारणाची चिठ्ठी लावतात. एका मास्तरांना भर दुकानात म्हणाले, "टीव्ही मेला नाई सर, तुमी मारला. कपाटात कोंबून." मास्तर अजून त्या रस्त्यानं जात नाहीत.

ताईला पाहायला आले तेव्हा तर कहरच. ताईनं महिनाभर खपून विणलेला क्रोशाचा रुमाल आईनं मुद्दाम टीव्हीवर पसरला होता, पोरीचा गुण दिसावा म्हणून. पोरगी पोहे घेऊन उभी, आणि हे महाशय टीव्हीच्या पाठीला हात लावून! "हे काढा पह्यले. भोकं झाकली तर गरमी जाईन कुठून?" आईचा चेहरा उतरला. ताई मात्र खुदकन हसली, आणि लग्न ठरलं.

गेल्या मे महिन्यात बाबांचं ऑक्सिजनचं मशीन ऐन दुपारी बंद पडलं. बाबांचा सारा जीव त्या मशीनवर. घरातला सिलिंडर संध्याकाळपर्यंत पुरणार, दुसरा मिळेना, आणि मशीनवाला फोनवर म्हणतो, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल, चार दिवस थांबा. मी भाऊजींना फोन लावला. "सिलिंडर लावून ठेव, आलोच," म्हणाले, आणि त्या उन्हात एसटीनं हजर. मशीन उघडलं तर एका कपॅसिटरचं डोकं टम्म फुगलेलं. त्यांनी दुसरा बसवला. तासाभरात मशीन घुमू लागलं, सिलिंडर काढला तरी बाबांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा टिकून राहिला. बाबा हळूच म्हणाले, "माहा जवाई हाये!" मला तर गल्लीभर पेढे वाटावेसे वाटले.

मग आईनं भीत भीत विचारलं, "काऊन बिघडलं जी, जवाईबापू?"

मी डोळेच मिटले. धूळ बसू नये म्हणून आईनं मशीनच्या जाळीवर तोच क्रोशाचा रुमाल पांघरला होता, आणि भाऊजींनी आल्या आल्या तो उचलताना मी पाहिलं होतं. आता माझ्या म्हाताऱ्या आईचा निकाल लागणार!

भाऊजी स्क्रू आवळत राहिले. "मालच हलका होता, आई. वरून आपल्याकडचं ऊन. तुमी काय करान त्याले?"

बसस्टँडवर सोडायला गेलो तर रुमाल त्यांच्या खिशात, नीट घडी घातलेला. "आईले सांगजो नको," म्हणाले. "मशीन मोकळं ठेवा, एवढंच सांग."

परवा दुकानात गेलो होतो. आमचाही कपॅसिटर पाटीवर आहे. चिठ्ठी वाचायला मी जवळ गेलो. इतक्या वर्षांत त्या पाटीवर त्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. आमच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता: ऊन. चहा घेऊन परतलो.